सेवेची यादी

ख्रिस्ती मंडळीत कुणी ज्येष्ठ माणूस वारला की अंत्यविधीच्या उपासनेत एक कागद वाचला जातो. आमच्याकडे त्याला अल्पचरित्र म्हणतात. जन्म अमुक गावी, बाप्तिस्मा अमुक साली, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलंबाळं. मग खरा भाग सुरू होतो. इतकी वर्षं शब्बाथ शाळेचे सुपरिंटेंडेंट, इतकी वर्षं खजिनदार, तरुण संघाचे माजी अध्यक्ष, कन्व्हेन्शन कमिटीचे सभासद, नव्या इमारतीला देणगी, कॉयरमध्ये चाळीस वर्षं. वाचणारा बहुधा थोरला जावई असतो आणि तो कागदावरची मान वर न करता भरभर वाचून मोकळा होतो.

दफनभूमीतून परत आल्यावर घराबाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा फिरत असतो, आणि तिथे दुसरं अल्पचरित्र सुरू होतं. हे कुणी लिहून आणलेलं नसतं. "शिस्तीचा माणूस हो, पण घरात कुणाला तोंड उघडू द्यायचा नाही." "सख्ख्या भावाशी बोलणं नव्हतं शेवटपर्यंत, जमिनीवरून." किंवा मग, "काही म्हणा, रात्री दोनला हाक मारली तरी चप्पल न घालता यायचा बिचारा." हे बोलणं आवाज उतरवून होतं, कारण घरच्यांनी ऐकू नये.

मी अशा पुष्कळ उपासनांना गेले आहे (वयच तसं झालं आता). कागदावरचा माणूस आणि चहाच्या वेळचा माणूस एकच आहे असं वाटावं, असे प्रसंग त्यात मोजकेच. कधी कागदावरचा मोठा निघतो, कधी चहातला. माझं मत विचाराल तर ख्रिस्ताला दुसऱ्याच चरित्राशी कर्तव्य आहे. पहिलं त्याने वाचलं तर वाचलं. आणि हे मत माझं एकटीचं नाही, शुभवर्तमानात ते इतक्या उघडपणे आहे की आपण ते इतकी वर्षं नजरेआड कसं करतो याचंच नवल वाटतं.

आधी एक खुलासा, नाहीतर प्रोटेस्टंट वाचक लगेच हात वर करतील. "कृत्यांनी तारण नाही, विश्वासाने आहे, हे आम्ही १५१७ पासून सांगतोय की!" मान्य. लूथरने पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला तो बरोबरच होता. पण मी तारणाच्या हिशेबाबद्दल बोलत नाहीये. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. विश्वास ठेवला, बाप्तिस्मा झाला, पुढची चाळीस-पन्नास वर्षं माणसाचं काय होतं? आमच्या मंडळ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: तो सेवा करतो. सेवा म्हणजे काय, तर सभा, उपास, प्रार्थनासाखळी, घरोघरच्या मीटिंगा, कमिट्या, पत्रिकावाटप, दशांश, साक्ष. मला यातल्या एकाही गोष्टीचं वावडं नाही. यातल्या निम्म्या मी स्वतः करते. पण चाळीस वर्षं हे सगळं करूनही माणूस आतून होता तिथेच राहू शकतो, तितकाच तापट, तितकाच मानापमान जपणारा, तितकाच पैशाला चिकट, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पाहूनही त्यावर बोलत नाही, कारण त्याची सेवा मोठी असते.

आता मत्तयाचं शुभवर्तमान घ्या. सातव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी, शेवटच्या दिवशीचं एक चित्र आहे. काही लोक प्रभूपुढे येतात आणि यादी वाचतात: तुझ्या नावाने संदेश दिले, तुझ्या नावाने भुतं काढली, तुझ्या नावाने अद्भुत कामं केली. इथे एक गोष्ट सहज निसटते. प्रभू त्यांना खोटं ठरवत नाही. भुतं निघाली असतील, चमत्कार झाले असतील. त्याची हरकत इतकीच, की माझी तुमची कधी ओळखच नव्हती. आणि तो त्यांना ज्या नावाने हाक मारतो ते अधर्म करणाऱ्यांचं आहे.

त्याच शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात पुन्हा शेवटचा दिवस आहे, मेंढरं आणि शेरडं. तिथे जे उजवीकडे उभे आहेत त्यांच्याकडे यादीच नाही. प्रभूच त्यांना सांगतो की मी भुकेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो आणि तुम्ही आलात. ते गोंधळतात. आम्ही? कधी? त्यांना आठवतही नाही. ज्यांची यादी पाठ होती ते बाहेर, आणि ज्यांना आठवावं लागलं ते आत! हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचलेत तर माझं म्हणणं निम्मं अधिक लक्षात येईल. ज्या माणसाचा स्वभावच तसा झाला आहे त्याला आपण केलेलं लक्षात राहत नाही. आई किती वेळा रात्री उठली याची नोंद ठेवते का? नोंद ठेवते ती रात्रपाळीची नर्स, कारण तिला ड्यूटी संपल्यावर वही द्यायची असते. (नर्स मंडळींनी राग मानू नये, आमच्या घरात तिघी आहेत.)

यादी वाचणारे शुभवर्तमानात आणखीही आहेत. मंदिरात प्रार्थना करणारा परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि सगळ्या मिळकतीचा दशांश देतो, आणि हे देवाला सांगतो. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ बापाला सांगतो की इतकी वर्षं राबलो, कधी आज्ञा मोडली नाही. दोघंही खरंच बोलतात. लबाडीचा आरोप त्यांच्यावर कुणी केलेला नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही असंच एक बारीक टोक आहे. जखमी माणसाला पाहून याजक बाजूने निघून जातो. आपण प्रवचनात ऐकतो की बिचाऱ्याला मंदिराच्या सेवेला उशीर होत असेल, प्रेताला शिवल्याने विटाळ झाला असता, वगैरे. पण लूक लिहितो की तो त्या वाटेने खाली उतरत होता. यरुशलेम डोंगरावर आणि यरीहो खाली, समुद्रसपाटीच्याही खाली, दोन्हींत सुमारे हजार मीटरांचा उतार आहे. खाली उतरणारा याजक म्हणजे यरुशलेमेकडे पाठ करून निघालेला याजक. मंदिरातली पाळी असली तर ती आटोपून घरी चालला होता. उपासना झाली होती, धूप जाळून झाला होता, आणि तरीही त्याला थांबावंसं वाटलं नाही. म्हणजे उशिराची सबबसुद्धा नाही.

"पण माणूस आतून कसा आहे हे काय फार महत्त्वाचं, काम तर होतंय ना?" असं म्हणणारे व्यवहारी लोक प्रत्येक कमिटीत असतात. त्यांच्यासाठी मी दोन नावं घेते. दोन्ही आपल्याकडे आदराने घेतली जात होती.

रवी झकरायस. जन्म १९४६, चेन्नईचा. ख्रिस्ती विश्वासाचं बुद्धीच्या अंगाने समर्थन करणारा जगातला बहुधा सर्वांत नावाजलेला भारतीय वक्ता. त्यांची पुस्तकं आपल्या कितीतरी घरांत आहेत, शिकल्यासवरल्या मुलांना आपण ती हौसेने दिली. मे २०२० मध्ये ते वारले तेव्हा स्मरणसभेत अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलले. यादी खरोखरच थोर होती. पुढे त्यांच्याच संस्थेने एका वकिली फर्मकडून चौकशी करवली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल जाहीर केला. मालिश करणाऱ्या अनेक स्त्रियांशी त्यांनी वर्षानुवर्षं लैंगिक गैरवर्तन केलं होतं. त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एका स्त्रीने चौकशी करणाऱ्यांना सांगितलं की, तू बोललीस आणि माझं नाव खराब झालं तर लाखो आत्म्यांच्या नाशाची जबाबदारी तुझ्यावर येईल, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

जरा थांबून याचा अर्थ लावा. सेवा जितकी मोठी, तितका त्या बाईच्या तोंडावरचा हात जड. इथे सेवा हे त्याच्या शीलातल्या खोटीवर घातलेलं पांघरूण तर होतंच, पण ते हत्यारही होतं. ज्याच्या हातून लाखोंना देव भेटला त्याच्याविरुद्ध एक मालिशवाली काय बोलणार? आणि बोलली तर मानणार कोण? सप्टेंबर २०२० मध्ये तीन स्त्रियांचं म्हणणं छापून आलं तेव्हाही आधी संस्थेने ते धुडकावलंच होतं.

दुसरं नाव घेताना मला जास्त त्रास होतो. ज्याँ व्हानिए. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात मतिमंद म्हणून संस्थेत डांबलेल्या माणसांना घरी आणून त्यांच्यासोबत ते राहू लागले. त्यातून 'लार्श' नावाच्या घरांचं जाळं जगभर पसरलं. आपल्याकडे बंगळूरमध्ये १९७० पासून 'आशा निकेतन' आहे ते त्यातलंच. व्यासपीठावरचं वक्तृत्व नाही, पैसा नाही, दुबळ्यांच्या ताटात जेवणारा माणूस. ते २०१९ मध्ये वारले. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीतून समोर आलं की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांशी लैंगिक संबंध ठेवले होते. २०२३ च्या मोठ्या अहवालात हा आकडा निदान पंचवीसवर गेला.

व्हानिएंचं काम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांना घर मिळालं त्यांना ते खरंच मिळालं. माझ्यासारख्यांची अडचण मात्र इथे वाढते. सभा आणि कमिट्या म्हणजे वरवरची धार्मिकता, आणि दुबळ्यांची सेवा म्हणजे खरा ख्रिस्तीपणा, अशी सोपी विभागणी मीही मनात करून ठेवली होती. ती टिकत नाही. करुणेचं कामसुद्धा 'काम' होऊ शकतं, आणि ते करणारा माणूस त्यापासून वेगळा राहू शकतो. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, त्यामुळे तो गोड वाटतो. तिथे तो म्हणतो की सगळी मालमत्ता गरिबांना वाटली, अगदी स्वतःचं शरीरही दिलं, तरी प्रीती नसेल तर उपयोग शून्य. लग्नातल्या कुणाचं याकडे लक्ष जात नाही, कारण एव्हाना बिर्याणीचा वास यायला लागलेला असतो.

आता उलट बाजूही बघितली पाहिजे. चांगलं शील म्हणजे काय नुसतं गोड बोलून घरी बसणं? दुष्काळात उपाशी पोरींना सौम्यता खायला घालायची का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला केडगावला जावं लागतं. पंडिता रमाबाईंचं काम कुणी नाकारूच शकत नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन आणलेल्या शेकडो मुली, त्यांच्यासाठी केडगावला उभं राहिलेलं मुक्ती सदन, १९०० च्या सुमाराला गुजरातच्या दुष्काळातल्या आणखी मुली. पण त्या कामावर माणसाचा ठसा बघा. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात अन्नावाचून दिवस काढले होते, आईबाप गमावले होते. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी तिथे वेगळी जागा झाली: आंधळ्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्यांसाठी. कोणत्या गरजूला घेतल्याने अहवाल चांगला दिसेल हा विचार करणाऱ्या संस्थेने ही निवड केली नसती. काम हवंच. येशूनेही पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना मोजणं बंद करा असं सांगितलं नाही. न्याय, दया आणि विश्वास बाजूला टाकून जिरं मोजू नका म्हणाला.

इथे स्टॅन्ली जोन्स यांची आठवण होते. हे अमेरिकन मिशनरी गांधीजींना भेटले आणि विचारलं की ख्रिस्ती धर्म या देशात आपलासा व्हावा यासाठी आम्ही काय करावं. १९२५ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी गांधीजींचं उत्तर नोंदवलं आहे. त्यातली पहिलीच सूचना अशी की तुम्ही सगळ्यांनी आधी येशूसारखं जगायला लागावं. मिशनच्या शाळा आणि दवाखाने देशभर उभे असताना बाहेरच्या माणसाला उणीव दिसली ती ही. दवाखाने वाढवा असं त्यांना सुचलं नाही.

मग माणसाचं शील दिसतं कुठून? माझ्या मते स्वयंपाकघरातून. आणि याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या मराठीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं अल्पचरित्र काढायचं तर पानं पुरणार नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आजही आमच्या प्रत्येक उपासनेत गायली जाणारी भजनं, ज्ञानोदयाचं संपादन, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला सुरू केलेला देवाचा दरबार. १९१९ मध्ये ते गेले. पण मराठी माणसाला टिळक माहीत आहेत ते या यादीमुळे नव्हे. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ते घराघरांत गेले, आणि ते चुलीपाशी बसलेल्या बायकोने सांगितलेले टिळक आहेत. भडकणारे, लहरी, हातात पैसा न टिकणारे, घरात काय आहे-नाही याचा पत्ता नसताना दुसऱ्याला देऊन टाकणारे. बाई काही लपवत नाहीत. नवऱ्याची चेष्टासुद्धा करतात.

आणि तरी पुस्तक संपतं तेव्हा त्या माणसाबद्दल मनात प्रेमच असतं. का? मला वाटतं, त्या घरात काय चाललं होतं ते बघा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर बायको काही वर्षं दूर राहिली. सोबत राहायला आल्यावरही तिचं सोवळं-ओवळं एका दिवसात सुटलं नाही. ते सुटलं तिच्या स्वतःच्या विचाराने, तिच्या वेळेने, आणि मग १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. शेकडो लोकांना सुवार्ता सांगणारा हा माणूस घरातल्या एका व्यक्तीसाठी थांबला. तापट माणसाने थांबणं! त्याची मिशनच्या अहवालात कुठल्या रकान्यात नोंद होणार? पण लक्ष्मीबाईंसारखी स्वतंत्र बुद्धीची बाई त्या घरात कोमेजली नाही, उलट फुलली, नवऱ्याचं अपुरं 'ख्रिस्तायन' तिने पुढे पुरं केलं. टिळकांच्या शीलाची याहून मोठी साक्ष मला तरी ठाऊक नाही.

यावरून आणखी एक. शीलवान म्हणजे गरीब गाय, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. कुणी कधी आवाज चढवत नाही, भांडत नाही, की आपण लगेच म्हणतो "अगदी येशूसारखा हो!" येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलटे केले होते. पौल गलतीकरांना आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगतो ते काही भिडस्तपणाचे गुण नाहीत. त्या जागी पौलाचे शब्द नीट बघण्यासारखे आहेत. देहाची 'कर्मे' तो अनेकवचनात म्हणतो आणि आत्म्याचं 'फळ' एकवचनात. कर्मं सुटी सुटी करता येतात, आज एक, उद्या दुसरं. फळ झाडाला धरतं, आणि धरायला ऋतू जावा लागतो. शिवाय त्या नऊ गुणांतला एकही व्यासपीठावर करून दाखवता येत नाही. सहनशीलता दाखवायला समोर छळणारा माणूस लागतो. सौम्यता दिसते ती आपल्या हाताखालच्या माणसाची चूक झाल्यावर. इंद्रियदमनाला तर कुणी नसलेली खोलीच लागते. रोमकरांना लिहिताना त्याने शीलाची वाटही सांगितली आहे: संकटाने धीर, धीराने शील. तीन दिवसांच्या कन्व्हेन्शनने शील येतं असं त्याने कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही.

मंडळीतल्या एक बाई आठवतात. निवडणुकीवरून मंडळीत दोन तट पडले होते (कुठल्या मंडळीत पडत नाहीत?), प्रकरण धर्मादाय आयुक्तांपर्यंत गेलं होतं, लोक एकमेकांच्या लग्नांना जाईनासे झाले होते. या बाईंचं एकच घर असं होतं की दोन्ही तटांचे लोक तिथे चहा प्यायचे. कधी कधी एकाच वेळी. तिथे कुणी कुणाबद्दल बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण का कोण जाणे, बोललं जायचं नाही. बाई कधी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या नाहीत, कुठल्या कमिटीवर नव्हत्या, भजनात सूरही बेताचाच. त्या गेल्या तेव्हा अल्पचरित्र दीड मिनिटात संपलं. चहा मात्र दोन तास चालला.

आपल्या मराठी मंडळ्यांचं खरं दुखणं याच जागी आहे असं मला वाटतं. उपासनांची संख्या कमी नाही, उपास-प्रार्थना तर कोविडनंतर झूमवरही जोरात चालतात. पण मुलीचं स्थळ आलं की "मूळचे कोण?" हा प्रश्न अजून विचारला जातो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलेली माणसं हा प्रश्न विचारतात. मिशनऱ्यांनी ठेवलेल्या जमिनींवरून विश्वस्तांचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं पडून असतात, आणि दोन्ही पक्ष सुनावणीच्या आदल्या रात्री प्रार्थना करतात. रविवारी मंडळीत "सर्वांसाठी" प्रार्थना करणारं घर सोमवारी कामवाल्या बाईच्या एका खाड्याचे पैसे कापतं. ती बाई बहुधा ख्रिस्ती नसते. ख्रिस्त म्हणून तिला जे काय दिसतं ते त्या घरात दिसतं. आमची पत्रिका तिच्या हातात कुणी दिली तर ती ती वाचणारही नाही, तिला वाचायची गरजच राहिलेली नाही.

उपाय काय, असं विचाराल. मोठा उपाय माझ्याकडे नाही. एक लहानसा आहे आणि तोही माझा नाही, पहिल्या तीमथ्याच्या तिसऱ्या अध्यायातला आहे. तिथे मंडळीच्या अध्यक्षाला काय काय असावं याची यादी दिली आहे. (हो, ही पण यादीच, पण वेगळी.) मद्यपी नको, मारका नको, भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, सौम्य असावा, पाहुण्यांचा आदर करणारा असावा, घर नीट चालवणारा असावा. मोजून बघा, येणारं काम म्हणावं असं त्यात एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं माणूस कसा आहे याबद्दल. आणि शेवटची अट तर अशी, की बाहेरच्या लोकांमध्येही त्याचं नाव चांगलं असावं. बाहेरच्या, म्हणजे मंडळीत नसलेल्या. शेजारी, ऑफिसातले हाताखालचे, दूधवाला, कामवाली.

पंचकमिटीच्या निवडणुकीचे मी पाहिलेले अर्ज घ्या. वर्गणी भरली आहे का, प्रभुभोजन नियमित घेता का, पूर्वी कोणत्या पदांवर सेवा केली, सूचक, अनुमोदक. बाहेरच्यांच्या साक्षीचा रकाना मी एकाही अर्जावर पाहिलेला नाही. तो घालावा आणि निदान दोन बिगरख्रिस्ती माणसांना, त्यातल्या एकाला उमेदवाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला, जाऊन विचारावं, अशी एक सूचना मी वार्षिक सभेसाठी लिहून ठेवली आहे. आमच्या ह्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "पास झाली तर कमिटीला माणसं मिळायची नाहीत." मिळणार नाहीत कदाचित. सध्या मी अनुमोदक शोधते आहे. दोघांना विचारलं, दोघांनीही प्रार्थना करून सांगतो म्हटलंय.